करंड्याचं झाकण

माझे सासरे पोलाद ओठाला लावून बघायचे. डाय घासून झाली की ती खालच्या ओठावरून हळूच फिरवायची, डोळे मिटायचे आणि कुणी कानात काही सांगतंय असं तोंड करून बसायचं, ही त्यांची पद्धत. लग्न होऊन चिंचणीला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे पाहिलं आणि आपण कुठल्या घरात येऊन पडलो, असं मनात आलं. मुलगा मॅट्रिक आहे, वाडीत चिकूची झाडं आहेत, सासरे डायमेकर आहेत, एवढंच माहेरी कळलं होतं. ओठाचं कुणी बोललं नव्हतं.

डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी ठसा. त्यात फूल, मोर, कोयरी उलटी खोदलेली असते. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर नक्षी उमटते. आमच्या बाजूला बरेच जण घरीच ओटीवर बसून हे काम करत. समोर लाकडाचा ओंडका, त्यावर शिकंज्याच्या लोखंडी पकडीत धरलेला पोलादाचा ठोकळा, हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. दिवसभर टकटक चाले. मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणायची) त्या कामात चाळीस वर्षं मुरलेले. मुंबईचे सोनार त्यांचा ठसा लांबून ओळखत, असं सासूबाई सांगत. सासूबाई नवऱ्याचं कौतुक सहसा करत नसत, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

ओठाचं कारण विचारायची हिंमत व्हायला मला दोन महिने लागले. "हातोडी मारून मारून बोटं मेली," ते म्हणाले. "ओठ तेवढा जिवंत हाय."

आणि हा ओठ जिवंत राहावा म्हणून या माणसानं तिखट सोडलं होतं. आमच्या गावात बोंबलाचं कालवण लाल दिसलं नाही तर घरात कोण आजारी आहे, अशी चौकशी होते. तिथे हे गृहस्थ पांढरं कालवण भाताबरोबर खात आणि वर ढेकर देत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासाठी मसाला पडायच्या आधीची दोन पळ्या आमटी बाजूला काढून ठेवावी लागे. गावानं त्यांचं नाव 'सपक मास्तर' पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आतून आवडतही होतं.

पॉलिशला त्यांच्याकडे दोनच शेरे होते. पृष्ठभाग कुठे खरखरीत असला तर 'अजून बोलतंय'. काचेसारखा झाला तर 'गप्प झालं'. चांगलं, छान, सुरेख असले शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. पोलादाला पाणी देताना मात्र त्यांना वाचा फुटे. खोदून झालेली डाय भट्टीत लाल करून तेलात बुडवायची, मग पुन्हा हळूहळू तापवायची. त्या वेळी पोलादाचे रंग बदलतात. नेमक्या रंगाला ती उतरवली नाही तर डाय ठोकताना तडकते, नाहीतर मऊ पडते. हे रंग ते चिकूवरून सांगत. कच्चा चिकू, पाडाचा चिकू, पिकलेला चिकू. पाडाचा रंग आला की ते लहान मुलासारखे ओरडत, "काढ, काढ, काढ." आणि काढल्यावर आपण ओरडलोच नाही अशा चेहऱ्यानं बसत.

मी या कामात शिरले ती एका गुन्ह्यामुळे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामा कुणाच्या तरी बाराव्याला तारापूरला गेले होते. मी ओटी झाडायला घेतली आणि उत्साहाच्या भरात त्यांच्या ओंडक्याभोवती पडलेल्या चाळीसेक छिन्न्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. माझ्या मते फार देखणं काम झालं होतं. संध्याकाळी ते आले, पाय धुतले, ओटीवर चढले आणि नुसते उभे राहिले. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात माहेरची पिशवी भरायला घेतली.

"होत्या तशा ठेव," ते म्हणाले.

मी बसले आणि ठेवल्या. प्रत्येक छिन्नीची मूठ वेगळ्या जागी झिजलेली होती आणि झाडताना ते माझ्या डोळ्यांत राहिलं होतं. वाकड्या मुठीची डावीकडे भिंतीशी, काळ्या दोऱ्याची तिच्या मागे, अशा करत सगळ्याच्या सगळ्या जागेवर गेल्या. मामा एकेकीकडे बघत होते. शेवटी त्यांनी दोन छिन्न्यांची अदलाबदल केली. जरा वेळानं पुन्हा पहिल्यासारख्या ठेवल्या. चूक त्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली, "सूनबाय, चूल झाली का? झाली तर इकडं बस."

घरातली सून ओटीवर हातोडी घेऊन बसली म्हणून गाव काय म्हणालं, ते सांगत बसत नाही. गाव जे म्हणतं तेच म्हणालं. पहिले सहा महिने मी फक्त घासायला शिकले. अट एकच, पॉलिशच्या दिवशी तिखट बंद. मी तिखटाशिवाय जेवलेच नव्हते कधी. एकदा शेजारणीकडे मीठ-मिरची लावून कैरी खाल्ली, तोंड खळखळून धुतलं आणि साळसूदपणे कामाला बसले. त्यांनी एक डाय पुढे केली. मी ओठावरून फिरवली आणि म्हटलं, "गप्प झालं." त्यांनी ती घेतली, स्वतःच्या ओठाला लावली, खाली ठेवली.

"कैरी कुणाकडची?" ते म्हणाले. मी शेजारणीचं नाव सांगून टाकलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. सोनारांचे हात थांबले आणि त्यांच्यामागून आमचे. ओट्या शांत झाल्या. कुणी वाडीत राबायला लागलं, कुणी होडीवर गेलं. पुढे तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम सुरू झालं आणि ज्याला त्याला तिथे कामाला जायची घाई झाली. माझे यजमान तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागले. त्यांनी वडिलांसाठीही शब्द टाकून ठेवला. पहारेकऱ्याची जागा. फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं.

"बाबा, छत्रीसुद्धा तेच देतात," यजमान म्हणाले. ते मनानं चांगले होते. ओंडका आणि भट्टी विकून टाकावी आणि म्हाताऱ्यानं सुखानं बसावं, एवढंच त्यांना वाटत होतं. सासूबाईंनाही तेच वाटत होतं. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मला वाटत होतं की ओंडका गेला तर मी पुन्हा नुसती चुलीपुढे बसणार. त्या दिवसांत मी एकटी असले की छिन्नी हातात घेऊन बसायची, नुसतीच.

अशात पालघरच्या एका शेठचा निरोप आला. त्यानं स्टेशनच्या अलीकडे शेड टाकून प्लास्टिकचं हातमशीन बसवलं होतं आणि त्याला कुंकवाचा करंडा काढायचा होता. दोन इंची गोल डबी, झाकणावर सोळा पाकळ्यांचं कमळ. मुंबईच्या साचेवाल्यांकडे महिनोन्महिने नंबर लागत नव्हता. कुणीतरी त्याला सांगितलं, की चिंचणीला पोलादात फुलं खोदणारे बसलेत रिकामे. मामांनी हो म्हटलं. प्लास्टिकचा साचा त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता.

घरात त्यांनी सांगून टाकलं, "ह्यो साचा जमला नाय, तर मी खुर्ची टाकून बसतो. मग ओंडका इका, भट्टी इका, काय बोलणार नाय." यजमानांनी मान डोलावली. सासूबाई देवाजवळ दिवा लावायला गेल्या. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

मामांनी कमळ खोदलं ते असं, की त्यावरून नजर हलू नये. डबीचा गोल भाग पालघरलाच लेथवर करून घेतला. साच्याचे दोन भाग घट्ट बसवायचे, मशीनचा दांडा ओढून आत वितळलेलं प्लास्टिक दाबायचं, थिजलं की साचा उघडायचा, वस्तू बाहेर. चाचणीला मी बरोबर गेले नव्हते. संध्याकाळी ते परत आले, खिशातून एक झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या डोक्यावर एकही पाकळी नव्हती.

"टक्कल पडलं," ते म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सोळाच्या सोळा पाकळ्या साच्यातच तुटून राहिल्या होत्या. शिवाय झाकण डबीवर बसतही नव्हतं. शेठनं एक महिना दिला होता. पुढे तो मुंबईकडे बघणार होता.

दुसरा कुणी असता तर महिनाभर घरात बसून स्वतःला कोसत राहिला असता. मामांनी दुसऱ्या दिवशी डब्यात पांढरं कालवण नि भात घेतला, एसटीनं बोईसर गाठलं, तिथून पालघर, आणि शेडमध्ये मशीनजवळ एक रिकामा पत्र्याचा डबा उलटा करून त्यावर बसले. असे आठ दिवस. मशीन चालवणारा उत्तरेकडचा विशी-पंचविशीतला मुलगा होता. साठीचे मामा त्याला 'गुरुजी' म्हणायला लागले. रोज वाडीतले चिकू नेऊन द्यायचे आणि त्यांच्या त्या अगाध हिंदीत प्रश्न विचारायचे. "गुरुजी, हमको समजा नाय, फिरसे करो." तो मुलगा आधी लाजला, मग खुलला. त्यानं बटणं, कंगवे, साबणाच्या डब्या काढून दाखवल्या. गरम असताना भरलेलं प्लास्टिक थंड झालं की केसभर आकसतं, म्हणून साचा केसभर मोठा लागतो, हे त्यानं सांगितलं. झाकण न बसण्याचं कारण सुटलं.

पाकळ्यांचं कारण मामांनी स्वतः शोधलं, आणि ते शोधल्यावर मी त्यांना पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. दागिन्याच्या डायमध्ये पाकळीचा खळगा खोदताना तळाशी छिन्नी किंचित आत वळवतात. त्यानं कडेला सावली पडते आणि फूल उठून दिसतं. सोन्याचा पत्रा पातळ नि मऊ, तो तेवढ्या वळणातून लवून वर येतो. प्लास्टिक थिजलं की लवत नाही. ते खाली अडकतं आणि मोडतं. साच्याच्या खळग्याला तळापासून वरपर्यंत बाहेरचा उतार पाहिजे, म्हणजे वस्तू सुटेल. जे वळण येण्यासाठी मामांनी चाळीस वर्षं घालवली होती, तेच इथे नको होतं.

त्यांनी नवीन ठोकळा घेतला. तीन पाकळ्या उताराच्या खोदल्या, चौथीला शेवटच्या दोन ठोक्यांत छिन्नी आपसूक आत वळली. पारखायला ते खळग्यात वितळलेली लाख ओतत, कारण लाखही प्लास्टिकसारखी ठिसूळ. लाख अडकली आणि मोडली. दुसरा ठोकळा. त्याची अकरावी पाकळी गेली. मी समोर बसून बघत होते. मनगट कुठे वळतं, ते मला दिसत होतं. त्यांनाही कळत होतं, पण हात ऐकत नव्हता. मला त्यांची कीव आली नाही, भीती वाटली. बारा दिवस उरले होते आणि ठोकळा एकच.

तिसरा ठोकळा त्यांनी शिकंज्यात लावला, उठले आणि मला म्हणाले, "बस."

"मामा, मी अजून घासतेच आहे," मी म्हटलं. "फूल मी कधी खोदलंय?"

"म्हणूनच सांगतो. माझा हात शिकल्याला हाय, त्यो आता दुसरं शिकत नाय. तुझा कोरा हाय. तुला ती खोड अजून लागायची हाय."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "येक तर तुमी तीन येळा बुडवलात. आता पोरीच्या माथी मारताय होय?" त्या माझी बाजू घेत होत्या की ओंडक्याची अखेर बघत होत्या, मला समजलं नाही. मी बसले. पहिला सबंध दिवस मी नुसती रेघ आखली.

मामा ओटीच्या पायरीवर जाऊन बसले, वाडीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. नऊ दिवस त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं तर हात शिवशिवतील आणि मध्ये घालीन, असं म्हणाले. पण कान माझ्याकडे होता. मध्येच म्हणत, "थांब. छिन्नी बोथट झालीय." बघावं तर खरंच धार गेलेली. कधी म्हणत, "घाबरून मारतेस. पाणी पी." मी पाणी पिऊन यायची. सातव्या दिवशी माझ्या तेराव्या पाकळीला छिन्नी घसरली. टकटक थांबली तशी त्यांची पाठ ताठ झाली. मी भिंग लावून पाहिलं. ओरखडा उताराच्या दिशेनंच गेला होता, घासून निघणार होता. मी पुन्हा ठोकायला लागले आणि त्यांची पाठ सैल झाली. त्या नऊ दिवसांत यजमान कामावरून आले की चपला हातात घेऊन पलीकडच्या दारानं घरात शिरत. माझ्यावर आजवर कुणी एवढे मोठे उपकार केलेले नाहीत.

नवव्या दिवशी लाख ओतली. थिजल्यावर ठोकळा उलटा केला आणि मागून एक टिचकी मारली. अख्खं कमळ मामांच्या पंजात पडलं. ते त्यांनी सासूबाईंना नेऊन दाखवलं. सासूबाईंनी पाकळ्या मोजल्या. सोळा भरल्यावर त्या म्हणाल्या, "आता जेवायला या."

पालघरला या वेळी मलाही नेलं. शेड म्हणजे पत्रे, धूर आणि जळक्या प्लास्टिकचा वास. शेठनं मला बघून मामांना सांगितलं, "बाईंना बाहेर बाकावर बसवा, इथे कपडे खराब होतील." मामा म्हणाले, "खराब होऊ द्या." मी पदर खोचून मशीनजवळ उभी राहिले. गुरुजीनं साचा लावला, दांडा ओढला, जरा वेळ जाऊ दिला, साचा उघडला. झाकण अर्धंच भरलं होतं, आठ पाकळ्यांचं. "साँचा ठंडा है, भाभी," तो म्हणाला, "दो-चार बार चलने दो." दुसऱ्या वेळी पाऊण भरलं. तिसऱ्या वेळी त्यानं साचा उघडला आणि कुणी हात लावायच्या आत गुलाबी झाकण खालच्या ताटलीत आपणहून पडलं. टपकन आवाज आला. सोळा पाकळ्या होत्या.

शेठनं ते गार होऊ दिलं आणि डबीवर दाबलं. टक् करून बसलं. त्यानं ते काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. असं तो किती तरी वेळ करत राहिला. गुरुजी मामांच्या पाया पडायला वाकला, तर मामांनीच त्याचे हात धरून ठेवले. मला तर मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, आणि हे मी पुढे यजमानांनाही सांगितलं.

"मास्तर, पावडरच्या डबीचा साचा पण तुम्हीच करा," शेठ म्हणाला. "किती दिवसांत द्याल?"

"मला काय इचारता? मी तीन ठोकळे वाया घालवले. फूल हिनं खोदलंय. दिवस ती सांगंल." एवढं म्हणून मामा शेडबाहेर निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

शेठ माझ्याकडे बघत राहिला. परक्या पुरुषाशी मी तोवर पत्ता सांगण्यापलीकडे बोलले नव्हते. मी विचारलं, "झाकणावर काय हवंय?" तो म्हणाला गुलाब. मी म्हटलं, "गुलाबाच्या पाकळ्या एकीवर एक चढतात, साच्यात अडकतील. चाफा देते." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "चाफा चालेल. पंधरा दिवसांत द्या."

"बावीस," मी म्हटलं. त्यानं घासाघीस करून पाहिली. मी पुन्हा बावीसच म्हटलं, आणि तो बरं म्हणाला.

बाहेर मामा बाकावर बसले होते. "किती सांगितलेस?"

"बावीस."

"मी अठरा सांगून बसलो असतो."

"म्हणून तर तुम्ही बाहेर बसलात," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. त्या काळात सासऱ्याला असं कुणी बोलत नसे. मामा हसले आणि उठले. "चल, भंगारवाल्याकडं जाऊ. ठोकळा घ्यायचा हाय. तू निवड."

तेव्हा सून सासऱ्याच्या चार पावलं मागून चालायची. मी सवयीनं थांबले, ते पुढे होतील म्हणून. ते हलले नाहीत. मग मी निघाले, आणि पालघरच्या भर बाजारातून सपक मास्तर माझ्या मागून चालत आले.